बॉम्बे रक्तगट : परळचा शोध आणि आपली माणसे

गणपतीचे दिवस आले की बेळगावात गल्लोगल्ली मंडप पडतात आणि त्याच मंडपांत रक्तदान शिबिरेही लागतात. रक्त दिले, चहा-बिस्किटे घेतली, प्रमाणपत्र आणि कार्ड खिशात घातले की काम झाले. कार्डावर रक्तगट लिहिलेला असतो. आपल्याकडे ओ आणि बी या दोन गटांची माणसे सर्वांत जास्त, त्यामुळे दहा कार्डे चाळली तर तीन-चारांवर तरी ओ दिसतोच. हा ओ म्हणजे सगळ्यांना चालणारे रक्त, एवढे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पण हजारो ओ कार्डांत एखादे असे निघते की ते ओ नसतेच. त्या रक्ताला जगभरच्या पुस्तकांत आपल्या मुंबईचे नाव आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना हा इतिहास अभ्यासक्रमात अर्ध्या पानात शिकवतात. तो त्याहून बराच मोठा आहे आणि त्याचा संबंध आपल्या घरांशी आहे.

सुरुवात व्हिएन्नात झाली. 1900-1901 च्या सुमारास कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे रक्त घेतले. प्रत्येकाच्या लाल पेशी एकीकडे, सिरम म्हणजे वरचे पिवळसर पाणी दुसरीकडे असे वेगळे केले, आणि प्रत्येकाच्या पेशी प्रत्येकाच्या सिरममध्ये मिसळून पाहिल्या. काही ठिकाणी मिश्रण तसेच राहिले, काही ठिकाणी नासलेल्या दुधासारखे फुटून दाणेदार झाले. त्यावरून त्यांनी तीन गट मांडले. चौथा, एबी, पुढच्याच वर्षी व्हिएन्नातल्याच दुसऱ्या दोघांनी शोधला. ज्या पेशींवर ए नाही आणि बी नाही त्यांना पुढे ओ हे अक्षर मिळाले. 'विना' या अर्थाच्या जर्मन शब्दाचे ते पहिले अक्षर आहे असे सांगतात. लँडस्टायनर यांना 1930 साली नोबेल मिळाले.

त्यांच्या कोष्टकात पेशीही तपासल्या होत्या आणि सिरमही. पुढे दवाखान्यांतून सोय म्हणून पेशीच तेवढ्या तपासायची सवय पडली. काचेच्या पट्टीवर रक्ताचे थेंब, त्यावर अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-डी, दोन मिनिटांत उत्तर. सिरम तपासण्याला आम्ही 'रिव्हर्स ग्रुपिंग' म्हणतो. शिकाऊ मुलांना ते कंटाळवाणे वाटते, कारण हजार वेळा केले तरी हजार वेळा तेच उत्तर येते. पुढचा सगळा शोध याच कंटाळवाण्या अर्ध्या भागात दडलेला होता.

आता मुंबईकडे येऊ. परळचे के.ई.एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज 1926 मध्ये रीतसर सुरू झाले. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांच्या जागा बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना, म्हणजे बहुतांशी गोऱ्यांना जात. देणगी देणाऱ्यांनी अट घातली की या कॉलेजात शिकवणारे सगळे योग्य पात्रतेचे भारतीयच असले पाहिजेत, आणि तेही सरकारी नोकरीत नसलेले. आम्ही सरकारी नोकर असूनही ही अट आम्हाला आवडते. तिच्यामुळे एक असे ठिकाण तयार झाले की जिथे आपला माणूस नुसता वरच्या साहेबाच्या नमुन्यांवर काम करणारा राहिला नाही, स्वतःचा प्रश्न स्वतः धरून बसू लागला. विकृतिशास्त्राचे प्राध्यापक वसंत रामजी खानोलकर इथलेच. पुढे 1949 मध्ये त्यांनी आणि एल. डी. संघवी यांनी आपापसातच सोयरीक करणाऱ्या मुंबईतल्या सहा समाजांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासून प्रसिद्ध केले. रक्तगट म्हणजे फक्त रक्त चढवण्याची सोय नाही, समाजाच्या सोयरिकीची ती वहीच आहे, हे मुंबईतल्या लोकांच्या ध्यानात आले होते.

अशा वातावरणात डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यासमोर तिघा जणांचे रक्त आले. मराठी विद्यार्थ्यांना भेंडे हे नाव त्यांच्या पॅथॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकामुळे परिचयाचे आहे. त्या रक्ताच्या पेशी अँटी-ए ने दाणे धरत नव्हत्या, अँटी-बी ने धरत नव्हत्या, म्हणजे पट्टीवर पाहणाऱ्याला ते सरळ ओ. पण सिरम ए पेशींना फोडत होते, बी पेशींना फोडत होते आणि ओ पेशींनाही फोडत होते. ओ माणसाचे सिरम ओ पेशींना कधीच फोडत नाही. ओ ला ओ चालत नसेल तर तो ओ कसला?

इथे नमुना खराब आहे, नळी नीट धुतलेली नाही, असे म्हणून काम पुढे ढकलणे सोपे होते. आमच्या व्यवसायात हे रोज होऊ शकते. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनी ते केले नाही. या रक्ताचा अभ्यास लंडनच्या तज्ज्ञांबरोबर झाला. रक्तगटांच्या क्षेत्रात त्या काळी ज्यांचा शब्द अखेरचा मानला जाई ते रेस आणि सँगर, तसेच गटद्रव्यांचे रसायन उलगडणारे मॉर्गन आणि वॉटकिन्स यांची नावे भेंड्यांच्या नावामागे जोडून मे 1952 मध्ये 'लॅन्सेट' या साप्ताहिकात दोनच पानांचा लेख आला. ए-बी-ओ शी संबंधित एक 'नवा' रक्तगट-गुण, असे त्याचे नाव. 'नवा' हा शब्द लेखकांनी स्वतःच अवतरणात टाकला आहे. पहिले नाव मात्र परळच्या माणसाचे आहे.

त्या रक्तात काय नव्हते, हे समजायला घराचे उदाहरण बरे. लाल पेशीवर आधी एच नावाचा पाया असतो. साखरेच्या रेणूंची ती साखळी आहे. तिच्या टोकाला एक प्रकारची साखर चिकटली की ए तयार होतो, दुसरी चिकटली की बी. ओ माणसाकडे वरचा मजला नसतो, पण पाया भरपूर असतो. म्हणून ओ म्हणजे शून्य नव्हे. उलट एच सर्वांत जास्त ओ पेशींवरच असते. त्या तिघांकडे पायाच नव्हता. खरे शून्य ते होते. शरीराला जे ओळखीचे नसते त्याविरुद्ध ते प्रतिद्रव्य तयार करते, म्हणून त्यांच्या सिरममध्ये अँटी-ए, अँटी-बी आणि शिवाय अँटी-एच. एच तर जवळपास सगळ्या जगाच्या पेशींवर आहे. म्हणजे अशा माणसाला आपल्यासारख्याच माणसाचे रक्त चालणार, दुसऱ्या कुणाचेही नाही. त्याचे स्वतःचे रक्त मात्र ए, बी, ओ अशा कुणालाही देता येते. नुसत्या कार्डावर विसंबून क्रॉसमॅच न करता ओ ची बाटली लावली तर शरीराच्या तापमानालाच ते प्रतिद्रव्य आत गेलेल्या पेशी फोडू लागते. थंडी वाजते, कंबर दुखते, लघवी लाल-काळी होते, मूत्रपिंड बंद पडू शकते, जीवही जाऊ शकतो.

'बॉम्बे' हे नाव 1955 मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांच्या लेखातून रूढ झाले. त्यांच्याकडचे प्रकरण आपल्या समाजाने नीट वाचावे असे आहे. ओ दिसणाऱ्या एका आईची मुलगी एबी निघाली. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हे अशक्य. पण त्या आईकडे बी चा जनुक होता. पाया नसल्यामुळे तो वर दिसत नव्हता, आणि मुलीला बापाकडून पाया मिळताच बी उभा राहिला. आपल्याकडे रक्तगटाची कार्डे शेजारी शेजारी ठेवून संशय घेणारे लोक आहेत, हे आमच्या खिडकीवर येणाऱ्या प्रश्नांवरून आम्हाला कळते. बापाचा ओ आणि मुलाचा बी कसा, असे विचारून कुणा घरात भांडण पेटलेच, तर आधी बापाचे सिरम तपासावे.

एच शोधायला आम्ही जे द्रव वापरतो ते युरोपातल्या एका काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या बियांपासून काढतात. ते घातले की ओ पेशी लगेच दाणे धरतात, बॉम्बेच्या पेशी तशाच राहतात. जाता जाता सांगायचे तर ए गटाचा मुख्य उपप्रकार ओळखणारे असेच द्रव कुळथातून निघते. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी कुळथाचा हा गुण दाखवला. ज्या कुळथाचे पिठले आपण पावसाळ्यात भाताबरोबर ओरपतो, तोच कुळीथ जगभरच्या रक्तपेढ्यांच्या फ्रीजमध्ये बाटलीत बसला आहे.

भाटियांनी पुढे हाच विषय चालवला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र 1957 मध्ये मुंबईत सुरू झाले. आज तेच राष्ट्रीय संस्था म्हणून के.ई.एम.च्या आवारात आहे. 1974 मध्ये भाटिया आणि साठे यांनी मुंबईतले प्रमाण प्रसिद्ध केले : 7,600 माणसांत एक. देशभरासाठी साधारण 10,000 मध्ये एक असा आकडा सांगतात. युरोपात दहा लाखांत एखादा. देशात सापडलेल्या बॉम्बे गटाच्या नोंदींत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि त्याखेरीज कर्नाटक, गोवा, आंध्र, गुजरात ही नावे येतात. म्हणजे जिथे जिथे आपली माणसे वस्ती करून आहेत तोच हा प्रदेश. दूर रियुनियन बेटावर एकोणिसाव्या शतकात गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांतही हा गट सापडला आहे. माणूस गाव सोडतो, जनुक बरोबर नेतो.

हा गट व्हायला आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेला जनुक यावा लागतो. एकाकडूनच आला तर माणूस वरून अगदी नेहमीचा ए, बी किंवा ओ. 7,600 ला एक हे प्रमाण धरून साधा हिशेब केला तर असे लपलेले वाहक चव्वेचाळीस माणसांत एक येतात. एका लग्नाच्या पंगतीत चार-पाच सहज. आता मामाची मुलगी करण्याची रीत घ्या. सीमाभागात मराठी आणि कानडी दोन्ही घरांत ती चालत आली आहे. दोघांचे आजी-आजोबा एकच, म्हणून लपलेला जनुक दोन्हीकडून येण्याचा संभव त्याच हिशेबाने सुमारे सहापट होतो. आम्ही कुणाच्या सोयरिकीला नावे ठेवत नाही. आमच्याही घरात अशी लग्ने झाली आहेत. फक्त त्या घरात एखाद्याचे रक्त ओ च्या बाटल्यांशी जुळेना, तर नळी खराब होती असे समजून स्वस्थ बसू नये.

बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पावणेअठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास होती. मुंबईचे प्रमाण लावले तर सहाशेच्या वर बॉम्बे गटाची माणसे इथे निघतील; देशाचे लावले तर पावणेपाचशेच्या पुढे. हे आमचे कागदावरचे गणित आहे आणि ते इथे जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. पण निम्मे धरले तरी यादीत तेवढी नावे असायला हवीत. ती नसतात, कारण बहुतेकांच्या कार्डावर ओ लिहिलेले आहे आणि त्यांना कधी रक्त लागलेले नाही.

साठा करून ठेवणेही सोपे नाही. रक्ताची साधी बाटली 35 दिवस टिकते. ग्लिसरॉल घालून फार खोल थंडीत पेशी दहा वर्षे राखता येतात, पण ती सोय असलेल्या जागा मोजक्या आहेत. म्हणून गरज पडली की फोन फिरतात आणि कुणीतरी रात्रीची बस धरून दुसऱ्या शहरातल्या अनोळखी माणसासाठी येतो. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, त्यामुळे एकाच दात्यावर सारखा भारही टाकता येत नाही.

यंदाच्या शिबिरात कार्ड घेताना रक्तपेढीच्या माणसाला एवढे विचारा की सिरमचीही तपासणी झाली ना. नीट चालणाऱ्या रक्तपेढीत ती होतेच, रस्त्याकडेच्या छोट्या लॅबमध्ये काढलेल्या कार्डाबद्दल मात्र तशी खात्री नसते. घरात कुणाला पूर्वी रक्त चढवताना 'ओ असूनही जुळत नाही' असे सांगितलेले आठवत असेल, तर तो जुना कागद शोधून रक्तपेढीत दाखवा. आणि कुणी बॉम्बे निघालाच तर सख्ख्या भावंडांना आधी बोलवा. आईबाप दोघेही वाहक असतील तर दर चार भावंडांत एकाचा गट तोच असण्याचा संभव असतो.