वाघोटणच्या खोऱ्यात एक दिवस

शाळेची सहल म्हटली की मुलांना डबा आणि गाण्यांच्या भेंड्या आठवतात. शिक्षकांना परवानगीचे कागद. इतिहास आणि विज्ञान हे दोन्ही विषय एकाच नदीच्या काठी, एका दिवसात शिकता येतील अशी सहल आपण क्वचितच आखतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरचे वाघोटण नदीचे खोरे अशा सहलीला फार सोयीचे आहे. आम्ही काही शिक्षक आणि नववीची मुले दोन भाड्याच्या गाड्या करून तेथे गेलो. निघताना मुलांना एकच काम सांगितले होते. दिवसभरात जी माहिती कानावर पडेल ती वहीत लिहायची आणि तिच्यापुढे ‘कशावरून?’ हा प्रश्न मांडायचा.

कणकवलीहून महामार्गाने तळेरे ओलांडून सकाळी खारेपाटणला पोचलो. गगनबावड्याच्या बाजूने सह्याद्रीतून उतरणाऱ्या नदीला येथे शुकनदी म्हणतात. पुढे तीच वाघोटणची खाडी होऊन विजयदुर्गाजवळ समुद्राला मिळते. खारेपाटण हे एके काळी बंदर होते असे सांगितल्यावर मुले हसली. समुद्र तर नदीच्या वाटेने सुमारे ४० किलोमीटर दूर!

याचे उत्तर भूगोलात आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळून ती वर आली, तेव्हा नद्यांनी आधीच कोरून ठेवलेल्या दऱ्यांत समुद्राचे पाणी शिरले. कोकणातल्या खाड्या अशा बुडालेल्या दऱ्या आहेत. भरतीचे पाणी त्यांतून दूरवर आत येते. जुन्या काळातली उथळ तळाची गलबते भरतीबरोबर आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर पडत. भरती जेथे संपते तेथे माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाटाकडे निघायचा. घाटमाथ्याच्या जास्तीत जास्त जवळ आणि समुद्रावरच्या वाऱ्यापासून सुरक्षित अशी जागा म्हणजे खारेपाटण. पुढे जहाजे मोठी झाली, खाडीत गाळ साचत गेला आणि मोठ्या बंदराचा मान मुखाकडच्या विजयदुर्गाला मिळाला.

पण येथे जहाजे येत होती, हे कशावरून? खारेपाटणला सापडलेल्या ताम्रपटावरून. तो शके ९३० म्हणजे इ. स. १००८ मधील आहे. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने एका देवालयाच्या खर्चासाठी गावे दान दिली, त्याची ही नोंद. दानात गावांबरोबर जहाजांवरची जकातही आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण द्यावा, असे त्यात म्हटले आहे. एवढ्या एका वाक्यातून किती गोष्टी कळतात, हे आम्ही मुलांनाच शोधायला लावले. दूरदेशीची जहाजे येत असली पाहिजेत, ती मोजणारा कोणी अधिकारी असला पाहिजे आणि जकात देऊनही व्यापाऱ्याला नफा उरत असला पाहिजे.

हा ताम्रपट वाचून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रथम कोणी प्रसिद्ध केला? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी! ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, हे मुलांना पाठ असते. बाळशास्त्री याच परिसरातल्या पोंभुर्ल्याचे, हेही त्यांना ठाऊक होते. त्यांनी आपल्या शेजारच्या गावचा आठशे वर्षांपूर्वीचा लेख वाचला, ही गोष्ट मात्र आम्हा शिक्षकांपैकीही दोघांना नवीन होती.

तळेऱ्याला परत येऊन आम्ही पश्चिमेची वाट धरली. जांभ्या दगडाचे सडे, हापूसच्या बागा आणि मधूनच उजवीकडे खोल खाली चमकणारी खाडी. पडेल कॅन्टीनला चहा घेऊन गिर्ये गाठले. तेथे खाडीकाठी खडक फोडून केलेली मराठी आरमाराची गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला पाणी उतरले की त्याची डागडुजी करायची. ना पंप, ना इंजिन. सगळे काम चंद्राच्या भरवशावर!

विजयदुर्गाचा इतिहास तसा पाठ्यपुस्तकातला आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनच्या इंग्रजी आरमाराने समुद्राकडून आणि पेशव्यांच्या फौजेने जमिनीकडून तुळाजी आंग्रे यांना कोंडीत पकडले. आंग्र्यांची जहाजे जळाली, किल्ला पडला. हे कशावरून? पुराव्यांपैकी एक म्हणजे आरमाराबरोबर आलेल्या एडवर्ड आइव्ह्ज या शल्यवैद्याने लिहून ठेवलेला वृत्तांत.

दिवसातला खरा पेच पुढेच होता. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर याने येथून सूर्य पाहिला आणि हेलियमचा शोध लावला, असे सांगतात. आम्हीही वर्गात अनेक वर्षे हेच सांगत आलो होतो. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “सर, ऑगस्टात हंय सूर्य खंय दिसता?”

आम्ही गप्प झालो. कोकणातला ऑगस्ट आम्हालाही ठाऊक होताच. पण तो प्रश्न कधी सुचला नव्हता. परत आल्यावर आम्ही कागदपत्रे पाहिली. १८६८ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा याच किनाऱ्यावरून गेला होता, हे खरे. परंतु त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता, हर्शेल जमखंडीला, पॉगसन मच्छलीपट्टणला. लॉकियर इंग्लंडमध्येच होता. तेथे तो युद्धखात्यात कारकुनी करीत असे. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट ग्रहण नसतानाही घेण्याची युक्ती त्याला २० ऑक्टोबर १८६८ रोजी साधली. त्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. त्यावरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम हे नाव पडले. पृथ्वीवर ते १८९५ मध्ये रॅम्से याला एका खनिजातून मिळाले.

मग विजयदुर्गाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो पक्का आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर स्वतः विजयदुर्गाला आला होता. ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते. सुमारे दोन मिनिटांच्या काळोखात त्यांनी सूर्याच्या कडेच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. ही निरीक्षणे विजयदुर्गाच्या नावानिशी लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रसिद्ध झाली. त्याच ग्रहणाचा वेध पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी नायगमवाला यांनी जेऊरला घेतला. जानेवारीतले निरभ्र आकाश तर मुलांनाही पटले. साहेब, किल्ला आणि ग्रहण या तिन्ही गोष्टी लोकांनी बरोबर लक्षात ठेवल्या; फक्त दोन ग्रहणे एकात मिसळली.

अलीकडे १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो. तो जरूर व्हावा, कारण ते ग्रहण विज्ञानाच्या इतिहासात मोलाचे आहे. परंतु किल्ल्याला स्वतःची अशी २२ जानेवारी ही तारीख आहे. ती फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? आम्ही पुढच्याच आठवड्यात वर्गात जाऊन आपली चूक सांगितली. चूक कबूल करताना थोडे अवघडल्यासारखे झाले. पण त्या तासाला मुलांनी जितके प्रश्न विचारले तितके एरवी महिन्याभरात विचारले जात नाहीत.

आपल्या गावातही एखादा ओटा, एखादी बारव, एखादा पार असेल आणि त्याची एक गोष्ट असेल. ती मुलांकडून लिहवून घ्यावी. मग त्यांनाच विचारावे, कशावरून?