राजी करणाऱ्यांची क्रियापदं

पोळा झाला की आमच्या भागात मुकादम फिरायला लागतात. परळी तालुक्यातलं धर्मापुरी बाहेरच्यांना माहीत असतं ते केदारेश्वराच्या देवळामुळे. देऊळ चालुक्यकाळातलं, भिंती शिल्पांनी भरलेल्या. पण त्या दिवसांत गावात आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर सगळी बोलणी चालतात ती ऊसतोडीची. मुकादम ओसरीवर बसतो, चहा घेतो, पोराबाळांची चौकशी करतो आणि मग हळूच विषयाला हात घालतो.

"तात्या, औंदा आपल्याच टोळीत या."

"बघू की मुकादम."

"बघू कशाला? उचल घ्या, पोरीचं लग्न उरकून टाका. मामी, तुम्ही तरी सांगा त्यांना."

नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असला तर अर्धा. कारखाना मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्यांना उचल देतो, आणि ती उचल ऊस तोडून फेडायची. उंबऱ्यावरचं हे अर्ध्या तासाचं बोलणं म्हणजे आमच्या जिल्ह्याचं खरं वक्तृत्व. सभा-संमेलनांतलं त्यापुढे फिकं.

मी इंग्रजीचा मास्तर. हेच बोलणं मी दहावीच्या तासाला फळ्यावर घ्यायचो. बोर्डाला प्रत्यक्ष कथनाचं अप्रत्यक्ष कथन करून हवं असतं, आणि पोरं तिथं हमखास अडकायची. मराठीत अडचणच नाही. मुकादम काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगायचं आणि शेवटी 'म्हणून' लावायचं: 'या म्हणून लई मागं लागला.' त्याने विनवलं, सुचवलं, गळ घातली की भरीस घातलं, हे ऐकणाऱ्याने ओळखावं. इंग्रजी मात्र सांगणाऱ्यालाच पेचात धरते. 'टोल्ड', 'रिक्वेस्टेड', 'अ‍ॅडव्हाइज्ड', 'अर्ज्ड', 'परस्वेडेड' यांतलं एक निवडा आणि मगच पुढे बोला. निवडलं म्हणजे निकाल दिला. पोरं बिचारी सगळीकडे 'सेड टु हिम टु कम' लिहून मोकळी व्हायची.

ही क्रियापदं आमच्याकडे इतक्या उशिरा का पोचली याचं कारण इंग्रजी इथं कुठल्या दाराने आली त्यात आहे. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि अंबाजोगाईचं तेव्हाचं नाव मोमिनाबाद. तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. फौज निजामाच्या खर्चाची आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, असा तो मामला; याच फौजेच्या थकलेल्या खर्चापायी १८५३ साली वऱ्हाड निजामाच्या हातून गेला. ही फौज १९०३ मध्ये ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी लष्करात मिसळून टाकली. म्हणजे या पट्ट्याने पहिली इंग्रजी ऐकली ती कवायतीची. तिच्यात एकच क्रियापद, आज्ञार्थी.

दुसरी आली ती अर्जाची. दरबाराची भाषा आधी फारसी, १८८४ पासून उर्दू. पण रेसिडेन्सीशी किंवा मोठ्या इंग्रज साहेबाशी काम पडलं की अर्जनवीस गाठायचा आणि 'आय मोस्ट हम्बली बेग टु स्टेट' अशी सुरुवात करून घ्यायची. हुकूम आणि अर्ज यांच्या मधला जो पट्टा, जिथं दोन माणसं जवळपास बरोबरीने बसून एकमेकांचं मन वळवतात, त्या पट्ट्यातली इंग्रजी इथल्या कुणाच्या कानावर पडायचं कारणच नव्हतं.

शाळेतही ती आली ती वळसा घेऊन. सरकारी हायस्कुलांचं माध्यम उर्दू. १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतलं, इंग्रजी तिथं एक सक्तीचा विषय. आमचे चुलत आजोबा इंग्रजी उर्दूतून शिकले. 'परस्वेड' म्हणजे काय विचारलं की ते झटकन 'राजी करना' म्हणायचे, आणि माझ्या मते तो अर्थ आजच्या कुठल्याही गाइडपेक्षा चोख होता. मुंबई-पुण्याची मुलं तेव्हा द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकत होती. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी. आमच्याकडे मराठीतून थेट इंग्रजीत जायचा तो पूल उर्दूच्या अलीकडेच तुटलेला होता.

मन वळवण्याची खरी शाळा त्या काळात मोमिनाबादलाच भरत होती, पण ती व्याकरणाची नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ १९३०च्या दशकात तिथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते. पुढे शाळा सोडून ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कामात उतरले आणि १९३८च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. निजामाच्या राज्यात शेतकऱ्याच्या पोराला तुरुंगात जायला तयार करायचं, त्याच्या बापाची समजूत घालायची आणि पोरगा आत गेला की आईची समजूत काढायची, हे सगळं मराठीत, कानडीत, तेलुगूत, उर्दूत झालं. त्याच माणसाने त्या लढ्याच्या आठवणी मात्र इंग्रजीत लिहिल्या; पुस्तक १९६७ मध्ये निघालं.

पोलीस कारवाईनंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ नंतर, चित्र बदललं. माध्यम मराठी झालं, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. बरोबर आली रेन आणि मार्टिन यांची व्याकरणाची जाड पुस्तकं, १९३०च्या दशकात हिंदुस्थानातल्या शाळांसाठीच लिहिलेली. आणि त्यांच्या मागोमाग, निदान मास्तरांच्या टेबलापर्यंत, हॉर्नबीचा शब्दकोश.

या हॉर्नबीवर माझा फार जीव. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज १९२४ पासून जपानात मुलांना इंग्रजी शिकवत होता. त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी जपानी विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, टोकियोत छापला गेला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो जगासाठी काढला. त्यात प्रत्येक क्रियापदापुढे आकडा. एकूण पंचवीस साचे. 'परस्वेड', 'अ‍ॅडव्हाइज', 'अर्ज', 'ऑर्डर' यांच्यापुढे माणूस येतो आणि मग 'टु' लावून क्रियापद. 'सजेस्ट'ला ते चालत नाही. 'ही सजेस्टेड मी टु गो' हे आपल्याकडे हायकोर्टाच्या वकिलापासून तलाठ्यापर्यंत सगळे बोलतात, कारण 'त्याने मला जायला सुचवलं' हे मराठीत अगदी सरळ आहे. इंग्रजीत सुचवायची ती गोष्ट, माणसाला नव्हे: 'ही सजेस्टेड दॅट आय गो'. लंडनच्या मुलाला हे सांगावं लागत नाही, म्हणून इंग्रजांच्या जुन्या व्याकरणांत ते नीट सापडत नाही. जपानी पोरांच्या चुका वर्षानुवर्षं तपासलेल्या माणसालाच ते मांडून ठेवावंसं वाटलं, आणि त्याचा फायदा परळी तालुक्यातल्या पोरांना झाला.

साचे कळले तरी मोठा घोळ उरतोच. 'परस्वेड' हे यश मिळाल्यावरचं क्रियापद आहे. 'परस्वेडेड' म्हटलं की समोरचा तयार झालाच. मराठीत 'मी त्याला खूप समजावलं, पण तो ऐकेना' हे रोजचं वाक्य. त्यात 'समजावलं'ला 'परस्वेडेड' घातलं की वाक्य आपल्याच पायात अडकून पडतं. 'पटवलं' मात्र 'परस्वेडेड'सारखंच, काम फत्ते झाल्याशिवाय म्हणता येत नाही. आणि 'मला पटलं' म्हणताना मराठी माणूस कर्ता होतच नाही. पटणं त्याच्या बाबतीत घडतं, भूक लागते तसं.

'कन्व्हिन्स'चं गोत्र वेगळं. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी जिंकणं आहे. म्हणून जुने मास्तर सांगायचे की 'कन्व्हिन्स' हे मत बदलण्यापुरतं, कृतीला लावायचं तर 'परस्वेड'. 'कन्व्हिन्स हिम टु गो' अशी वाक्यं विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत फोफावली आणि शुद्धतावाद्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला. तो आता विरला. 'परस्वेड'च्या मुळाशी मात्र गोडी आहे. लॅटिनमधला तो धातू, इंग्रजीतलं 'स्वीट' आणि आपलं 'स्वादु' हे एकाच घराण्यातले. गोड बोलून गळी उतरवणारा आमचा मुकादम कुठल्या घराण्यातला हे वेगळं सांगायला नको. धर्मापुरीत आज मात्र सगळे 'कन्व्हिन्स करतात'. जमिनीचा व्यवहार असो, सोयरीक असो, सोसायटीची निवडणूक असो. 'त्याला केलाय कन्व्हिन्स' असं कुणी म्हटलं की मला त्यातलं जिंकणं ऐकू येतं.

आणि एक इंग्रजी आहे, कायद्याची, जी शाळेत कधीच शिकवली जात नाही. १८७२चा करार कायदा १९५१ मध्ये हैदराबादच्या मुलखाला लागू झाला. त्याचं चौदावं कलम संमती 'मुक्त' कधी म्हणायची ते सांगतं: धाकाने, दडपणाने, फसवणुकीने, खोट्या माहितीने किंवा चुकीच्या समजुतीने मिळालेली नसेल तर. सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या करताना 'इंड्यूस' हे क्रियापद येतं. 'परस्वेड'चा हा थोरला, काळा भाऊ. आपले कागद मात्र सगळ्या प्रकरणावर दोन शब्दांत पांघरूण घालतात: 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने'. मुकादमाने स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेल्या कागदातही तेच. राजी कुणी केलं आणि कशाच्या जोरावर, ते कागदात कुठेच नाही. वेठबिगारी मोडणाऱ्या १९७६च्या कायद्याने नेमकं तेच विचारायला सुरुवात केली: अंगावर उचल आहे म्हणून या माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नाही का?

एका घटक चाचणीत मी 'मुकादमाने बापाला टोळीत नेलं' या मजकुराचा संवाद अप्रत्यक्ष कथनात करायला दिला होता. जवळपास साऱ्या वर्गाने पाठ केलेलं 'परस्वेडेड' लिहिलं. एका मुलीने लिहिलं, 'द मुकादम मेड माय फादर गो'. 'मेड'नंतर 'टु' लागत नाही, तेही तिने बरोबर गाळलं होतं. विचारल्यावर म्हणाली, "सर, मागच्या साली पट्टा पडला, कारखाना बंद झाला, तवा उचलीची बाकी निघाली होती. दादा, म्हंजी वडील, नको म्हणत होते." मी पूर्ण गुण दिले आणि तिचं वाक्य फळ्यावर लिहून सगळ्यांना वहीत उतरवून घ्यायला लावलं.