गुन्हा व शिक्षाविषयक इंग्रजी शब्दसंपदा

गुन्ह्याचे प्रकार, तपास, खटला व शिक्षा यांसाठी इंग्रजीत रूढ असलेला शब्दसमूह. त्याची घडण इंग्लंडमध्ये झाली. ‘थेफ्ट’ व ‘मर्डर’ यांची मुळे जुन्या इंग्रजीत सापडतात. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर कायद्याच्या व्यवहारात फ्रेंच भाषा शिरली आणि तिच्यातून ‘क्राइम’, ‘जज’, ‘जूरी’, ‘प्रिझन’, ‘बेल’ (जामीन) हे शब्द आले. १३६२ च्या कायद्याने न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडण्याची तरतूद केली, तरी परिभाषेचे वळण बव्हंशी फ्रेंचच राहिले.

बोलण्यात सरमिसळ होणारे शब्द कायद्यात काटेकोरपणे वेगळे आहेत. इंग्लंडच्या १९६८ च्या थेफ्ट ॲक्टनुसार दुसऱ्याची वस्तू कायमची बळकावण्याच्या इराद्याने अप्रामाणिकपणे घेणे म्हणजे ‘थेफ्ट’; त्यासाठी बळ वापरले किंवा मारहाणीचा धाक दाखवला, तर ती ‘रॉबरी’. चोरीच्या इराद्याने इमारतीत बेकायदा शिरणे ही ‘बर्गलरी’. चोर रिकाम्या हाताने परतला तरी हा गुन्हा पूर्ण होतो. वाक्यरचनाही हा भेद पाळते : ‘स्टील’ या क्रियापदाचे कर्म चोरलेली वस्तू असते, तर ‘रॉब’चे कर्म लुटलेली व्यक्ती किंवा बँक. बेकायदा मनुष्यवधात ठार मारण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा इरादा सिद्ध झाल्यास सामान्यतः ‘मर्डर’ ठरतो व प्रौढ आरोपीस जन्मठेप अटळ असते. ‘मॅनस्लॉटर’मध्ये (‘मर्डर’ न ठरणाऱ्या बेकायदा मनुष्यवधात) शिक्षा न्यायाधीश ठरवतात.

खटल्याच्या टप्प्यांनुसार माणसाचे नावही बदलते. तपासातला ‘सस्पेक्ट’ (संशयित) आरोप ठेवल्यावर ‘अक्यूज्ड’ (आरोपी) होतो. दोष सिद्ध झाल्यावरच त्याला ‘कन्व्हिक्ट’ म्हणता येते. ‘अक्यूज्ड’ व ‘कन्व्हिक्टेड’ यांपुढे ‘ऑफ’, ‘चार्ज्ड’पुढे ‘विथ’ आणि ‘सेंटेन्स्ड’पुढे ‘टू’ येते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने ही परिभाषा भारतात रुजवली, पण देवघेव दुतर्फी होती. ‘डकॉइटी’ (दरोडा) हा शब्द भारतीय भाषांतून कायद्याच्या इंग्रजी परिभाषेत गेला. मराठी पोलिसी व्यवहारातील चोरी, जबरी चोरी व दरोडा ही उतरंड थेफ्ट, रॉबरी व डकॉइटी यांच्याशी जुळते. इंग्लंडमध्ये ‘पॅरोल’ म्हणजे शिक्षेची मुदत संपण्यापूर्वीची सशर्त सुटका; महाराष्ट्रातील तुरुंगांत मात्र आजारपण, मृत्यू यांसारख्या कारणासाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या रजेला पॅरोल म्हणतात. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, ही व्याख्या तिच्यातही कायम आहे.