चिरनेर आणि शहरियतचा तास

दरवर्षी 25 सप्टेंबरला चिरनेरच्या हुतात्मा स्तंभापुढे पोलीस रांगेत उभे राहतात आणि बंदुकीच्या फैरी आकाशात झाडून मानवंदना देतात. 1930 साली याच तारखेला याच गावाच्या डोंगरावर पोलिसांच्या बंदुका माणसांवर रोखलेल्या होत्या. सरकार बदलले म्हणजे नेमके काय बदलले, हे वर्गात समजावून सांगताना मी हे दोन प्रसंग मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवतो. पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, असा माझा अनुभव आहे.

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळांत नागरिकशास्त्राला 'शहरियत' म्हणतात. शब्द मोठा सुंदर आहे. पण हा विषय बिचारा कायम इतिहासाच्या शेपटीला बांधलेला. परीक्षा जवळ आली की मुले ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या, राज्यसभेची मुदत आणि राष्ट्रपतींचे अधिकार घोकतात, आणि पेपर झाला की विसरतात. ज्या ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या त्यांनी पाठ केली, तिच्या कार्यालयाची पायरी बहुतेकांनी चढलेली नसते. आपल्या समाजात तर सरकार म्हणजे दाखला आणणे, कागद तपासणे, रांगेत उभे राहणे आणि 'उद्या या' ऐकून परत येणे. त्या सरकारला प्रश्न विचारायचा असतो, हे घरात कोणी सांगत नाही. म्हणून मला चिरनेरची आठवण होते.

चिरनेर आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे. त्या काळी हा भाग पनवेल तालुक्यात मोडत असे आणि जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. खाली खाडी आणि भातखाचरे, मागे डोंगर. या शेतीचे एक जुने तंत्र होते. पावसाळ्याआधी रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या टहाळ्या आणि गवत पसरून ते जाळायचे, मग तिथे भात पेरून रोप तयार करायचे. यालाच राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही, असा शेतकऱ्याचा साधा हिशेब. टहाळ्या आणि गवत येणार कुठून? डोंगरावरून. पिढ्यान् पिढ्या हे चालत आले होते. 1878 च्या जंगल कायद्याने डोंगर 'राखीव' झाला आणि कालपर्यंतची वहिवाट आज गुन्हा ठरली. गुरे चारली, दंड. मोळी आणली, दंड. कातकऱ्यांची स्थिती तर याहून वाईट. शेतकऱ्याजवळ निदान खाचराचा तुकडा होता. कातकऱ्याचा सगळा संसारच जंगलावर होता.

आमचे लोक लढ्याचा इतिहास सांगताना एकदम गोळीबारापाशी येतात आणि त्याआधीचे अर्ज विसरतात. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील रयतेने या कायद्याविरुद्ध इतकी ओरड केली, की मुंबई सरकारला 1885 साली जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी एक आयोग नेमावा लागला. आयोगाने साक्षी घेतल्या, 1887 साली त्याचा अहवाल आला. राबाच्या प्रश्नावर पानेच्या पाने लिहिली गेली. काही सवलती मिळाल्या, पण डोंगर सरकारचाच राहिला. पुढे 1927 चा भारतीय जंगल कायदा आला. म्हणजे चिरनेरच्या माणसांनी कोयते-कुऱ्हाडी हातात घेतल्या, त्याच्या पंचेचाळीस वर्षे आधीपासून हा भाग सरकारला तोंडी आणि लेखी सांगत होता. मुलांना हे सांगितलेच पाहिजे. 'अडाणी माणसे भडकली आणि जंगलात घुसली' असे समजणे अन्यायाचे होईल.

अर्ज ऐकला नाही तर मतपेटीतून उत्तर द्यावे, असे आपण आज म्हणतो. त्या वेळी मतपेटी कोणाच्या हाती होती? 1919 च्या कायद्याने मताचा हक्क मुख्यतः सारा आणि कर भरणाऱ्यांपुरता होता. नाग्या कातकऱ्याला मत नव्हते. त्याच्यासारख्या माणसासाठी सरकारपर्यंत पोचण्याचा रस्ता डोंगरावरून जात होता.

1930 च्या एप्रिलमध्ये महात्मा गांधींनी दांडीला मीठ उचलले. पण पाऊस सुरू झाल्यावर मीठ कसे करणार? शिवाय महाराष्ट्राचा मोठा भाग समुद्रापासून दूर. म्हणून इथे जंगल सत्याग्रह सुरू झाला. 10 जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे गवत कापून कायदा मोडला. मग बागलाण, संगमनेर, बिळाशी अशा अनेक ठिकाणी तेच लोण पोचले. चिरनेरला 25 सप्टेंबर हा दिवस ठरला. आसपासच्या गावांतून लोक जमले आणि अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले. सशस्त्र पोलीस आलेले होते. पुढे गोळीबार झाला. आठ जण हुतात्मा झाले: चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नाग्या महादू कातकरी, दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे, धाकट्या जुईचे आनंदा माया पाटील, मोठ्या जुईचे रामा बामा कोळी, कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर न्हावी, पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील आणि खोपट्याचे हसुराम बुधाजी पाटील. पनवेलचे मामलेदार जोशी यांच्यासह सरकारी बाजूचीही माणसे त्या दिवशी मेली. मामलेदारांना मृत्यू कसा आला, याची गावात सांगितली जाणारी हकिकत आणि सरकारची हकिकत एक नाही. मी वर्गात दोन्ही सांगतो. सत्याग्रह अहिंसेचा आणि शेवट रक्ताचा, ही अडचण लपवून धडा शिकवता येत नाही.

नंतर धरपकड झाली, मारहाण झाली, खटला उभा राहिला. आरोपींच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आगरी, कोळी, कातकरी अशा गरीब आरोपींच्या बाजूने कायद्याचे पुस्तक घेऊन उभा राहणारा हा माणूस पुढे देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. याच कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून खोतांविरुद्ध संप केला, त्यांच्याही पाठीशी बाबासाहेब होते, आणि 1937 साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. डोंगर, न्यायालय, विधिमंडळ. सरकारशी बोलण्याचे हे तीन मार्ग एकाच जिल्ह्यात सात वर्षांच्या आत वापरले गेले. शहरियतचे याहून चांगले प्रात्यक्षिक मला तरी माहीत नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. एकदा मी फळ्यावर ही आठ नावे लिहिली. नववीतला एक हुशार मुलगा बराच वेळ नावे वाचत राहिला आणि म्हणाला, "सर, इनमें अपना कोई नहीं?"

प्रश्न निरागस होता, पण मला टोचला. पहिला मोह झाला तो यादी पुढे करण्याचा. तशी यादी करताही येते. याच जिल्ह्यात महाडला 1927 च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या परिषदेला मंडपासाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जागा दिली. त्याआधी मार्चमध्ये चवदार तळ्यावरून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. युसूफ मेहेरअलींनी 1928 साली 'सायमन गो बॅक' ही घोषणा दिली, बॉम्बे यूथ लीगच्या तरुणांना घेऊन निदर्शने केली आणि पुढे 'क्विट इंडिया' हे शब्दही दिले. 1942 साली ते तुरुंगात असताना मुंबईचे महापौर निवडले गेले. त्यांच्या नावाचे केंद्र कर्नाळ्याच्या पायथ्याशी, पनवेल तालुक्यातल्या तारा गावी उभे आहे. चिरनेरहून ते फार लांब नाही. आणि गावोगावी जी हुतात्मा स्मारके दिसतात, ती उभारण्याची योजना ज्या मुख्यमंत्र्यांच्या काळात झाली, ते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले आंबेतचे, म्हणजे आपल्याच कोकणातले. कुलाब्याचे रायगड नावही 1981 साली त्यांच्याच कारकिर्दीत झाले.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. त्याला बरे वाटले, हे चेहऱ्यावर दिसले. पण घरी आल्यावर मला वाटले की मी अर्धेच उत्तर दिले. प्रत्येक यादीत आपले नाव शोधायचे आणि सापडले नाही की ती यादी दुसऱ्याची समजायची, ही सवय मीच त्याला लावत होतो. मग उलटही विचारावे लागेल. कोकणातल्या खोतांत काही मुसलमानही होते, ते 'अपने' की कुळे 'अपनी'? दुसऱ्या दिवशी मी त्याच फळ्यावर विचारले, नाग्या कातकरी कोणाचा? डोंगरावरचे गवत आपल्या आजोबांच्या गुरांनीही खाल्ले होते ना? वर्गात थोडा वेळ शांतता होती. मग एक मुलगी म्हणाली, "राब तो हमारे नाना भी जलाते थे." तिचे आजोळ उरणच्या बाजूचे आहे.

या डोंगराची गोष्ट 1930 साली संपली नाही. वनहक्क कायदा 2006 साली संसदेत झाला. त्याच्या प्रस्तावनेतच जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. हक्काच्या दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते, हे त्यातले सर्वांत मोठे कलम. नाग्याच्या जातभाईंना आज ग्रामसभेत बसून बोलण्याचा अधिकार आहे. कातकरी वाड्यांवर तो किती वापरला जातो, हा प्रश्न वेगळा. याच उरण तालुक्यात 1984 च्या जानेवारीत बंदराच्या जमिनींसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, त्यात पुन्हा गोळीबार होऊन पाच जण गेले. सरकार आपले झाल्यानंतरची ही गोष्ट आहे, तीही सांगावी लागते. शेजारच्या पेण तालुक्यात मात्र 21 सप्टेंबर 2008 रोजी महामुंबई सेझबाबत बावीस गावांत सरकारनेच शेतकऱ्यांचे मत घेतले. जमीन देणार की नाही, हे शेतकऱ्याला कागदावर विचारले गेले. चिरनेरच्या डोंगरावर हे कोणी विचारले नव्हते.

26 जानेवारी 2020 पासून शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करण्याचा आदेश आला. आमची मुले ती उर्दूत खड्या आवाजात म्हणतात. ऐकायला छान वाटते. पण पाठांतर आमच्याकडे आधीच भरपूर आहे. म्हणून त्या वर्षांनंतर मी नववीच्या वर्गाला दोन कामे लावली. एक, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा घरात सांगायच्या आणि एका तरी सभेला आई किंवा वडिलांबरोबर जाऊन मागे बसायचे. मत अठराव्या वर्षी, पण कान आजही आहेत. दोन, शाळेच्या रस्त्यावरच्या तुटलेल्या गटाराच्या झाकणाबद्दल मराठीत अर्ज लिहायचा. मराठीत का, तर कार्यालय मराठीत चालते. पहिल्या मसुद्यात मुलांनी इतकी 'विनंती' आणि 'मेहेरबानी' घातली होती की मागणी शोधावी लागली. माहितीचा अधिकार 2005 साली आला, पण हात जोडण्याची सवय जुनी. तीन वेळा लिहून घेतला. कार्यालयातल्या माणसाने अर्ज ठेवून घेतला आणि पोच देण्याची गरज नाही म्हणाला. "अपना कोई नहीं?" विचारणारा मुलगा पुढेच उभा होता. तो म्हणाला, "साहेब, आवक नंबर आणि शिक्का द्या, आम्ही थांबतो." पाऊण तास थांबलो. दुय्यम प्रतीवर शिक्का आणि नंबर मिळाला. झाकण बसायला चार महिने लागले, त्या काळात मुलांनी त्याच नंबरचा हवाला देऊन दोन स्मरणपत्रे पाठवली.