आभाळाचे नाकेदार

अर्ज लिहिणं ही एक कला आहे असं माझं प्रामाणिक मत आहे आणि ती मला येते असं आमच्या आळीचं. कचेरीत तीस वर्षं मी लोकांचे अर्ज फायलीला लावले. त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून आता निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज लिहून देतो. वीजमीटर बदलण्यापासून म्हैस हरवण्यापर्यंत कोणताही विषय द्या, ‘सादर विनंती विशेष’पासून ‘कळावे’पर्यंत मी मधे श्वास न घेता जाऊ शकतो. मधल्या मजकुराला तसं महत्त्व नसतं, कारण मधलं कोणी वाचत नाही. हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

तेव्हा शेजारच्या वहिनींचा भाचा पनवेलहून अलिबागला आला आणि “काका, बायोडाटा लिहायचाय” म्हणाला, तेव्हा मी लगेच चष्मा पुसायला घेतला.

“कसली नोकरी?”

“एअर ट्रॅफिक कंट्रोलर.”

“म्हणजे?”

“चौकातला हवालदार पाहिलाय ना काका? तोच. फक्त चौक आभाळात.”

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली आणि आमच्या रायगड जिल्ह्यातल्या पोरांच्या माना ज्या वर झाल्या त्या अजून खाली आलेल्या नाहीत. हा पोरगा तर फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झालेला. शिकायला मान खाली घातली होती, ती आता वर करायचा त्याला हक्कच होता.

दोन रात्री जागून मी बायोडाटा तयार केला. फुलस्केप दोन पानं. त्यात ‘होतकरू’, ‘कष्टाळू’, ‘आज्ञाधारक’, ‘निर्व्यसनी’ ही सगळी मंडळी सहकुटुंब हजर होती. हात लग्नाच्या बायोडाट्याला सरावलेला असल्यामुळे ‘रंग निमगोरा’ आणि ‘अपेक्षा : अनुरूप’ हेही ओघात येऊन गेलं. पोराने वाचलं आणि नम्रपणे आपल्याकडचा कागद पुढे केला. त्याने एका मित्राचा उतरवून आणला होता. त्यात लिहिलं होतं, ‘उत्कृष्ट संभाषणकौशल्य’. माझे चार शब्द आणि त्याचे दोन. अर्थ दोन्हींत सारखाच, म्हणजे शून्य.

माझा अभिमान दुखावला. ज्या धंद्यासाठी अर्ज करायचा त्या धंद्याचा आधी इतिहास पाहावा, असं ठरवून मी वाचनालय गाठलं.

जगातला पहिला बायोडाटा म्हणून लिओनार्दो द विंचीचं एक पत्र सांगतात. १४८२ च्या सुमारास त्याने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे नोकरी मागितली. आता हा माणूस चित्रकार. आपण असतो तर पहिल्या ओळीत ‘मी चित्रं काढतो’ म्हटलं असतं. याने ओळीने क्रमांक घालून काय लिहावं? मी हलके पूल बांधतो, तोफा करतो, तटाखालून भुयारं काढतो. आणि अगदी शेवटी, हो, चित्रंही काढतो. समोरच्याला लढाया करायच्या आहेत, भिंती रंगवायच्या नाहीत, हे त्याने ओळखलं होतं. मला काय येतं यापेक्षा तुला काय हवंय, हे अर्जात आधी यावं.

मग या आभाळाच्या हवालदाराला काय यायला हवं?

खरं म्हणजे ये-जा करणाऱ्यांना शिस्त लावण्याचं काम आमच्या किनाऱ्याला नवीन नाही. आमच्या कान्होजी आंग्र्यांचं दस्तक घेतल्याशिवाय या समुद्रातून व्यापारी गलबत सुखाने जात नसे. विनादस्तक गेलं की ते धरून किल्ल्याच्या आश्रयाला आणलं जाई. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. नाक्यावर अडवलेल्या माणसाचं नाकेदाराबद्दल आजही तेच मत असतं! कान्होजी १७२९ मध्ये वारले. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२९ मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईस गावच्या विमानतळावर आर्ची लीग नावाचा गृहस्थ एक हातगाडी ढकलत येऊन उभा राहिला. हातगाडीवर समुद्रकाठी असते तशी छत्री, बसायला खुर्ची, जेवणाचा डबा, पिण्याचं पाणी आणि दोन निशाणं. लाल निशाण म्हणजे थांब, चौकडीचं म्हणजे जा. अमेरिकेतला पहिला एअर ट्रॅफिक कंट्रोलर तो हाच. छत्री आणि डबा पाहून मला तो आमच्याच कचेरीतला वाटला. फरक एवढाच, की त्याच्याकडे आलेलं प्रकरण ‘पुढील सोमवारी या’ म्हणून परत पाठवता येत नव्हतं.

पुढे १९३५ मध्ये नेवार्कला विमानांच्या वाटांवर लक्ष ठेवणारं केंद्र निघालं. रडार यायचं होतं. टेबलावर नकाशा पसरायचा आणि वैमानिकांनी कळवलेल्या ठिकाणाप्रमाणे त्यावर छोट्या खुणा सरकवायच्या. त्या खुणांना ते लोक कोळंबीच्या होड्या म्हणत. हे वाचून मी वाचनालयात मोठ्याने हसलो. कोळंबीच्या होड्या सरकवायच्या असतील तर अलिबागकरांपेक्षा लायक उमेदवार कोण?

मुंबईत बावळट माणसाला ‘अलिबागहून आलाय का?’ असं विचारतात. अहो, विमानतळाच्या धावपट्टीला नंबर मिळतो तो होकायंत्रावरून. पट्टीची दिशा दाखवणारे अंश घ्यायचे, दहाने भागायचे. मुंबईची ०९ नंबरची पट्टी म्हणजे पूर्वेकडे तोंड केलेली. आणि या होकायंत्राच्या सुईचे रुसवेफुगवे मोजणारी वेधशाळा १९०४ पासून आमच्या अलिबागेत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सुई भलतंच बोलणार, म्हणून कुलाब्याचं काम इकडे आणलं. शास्त्रज्ञसुद्धा अलिबागहून नव्हे, अलिबागला आले!

इथवर मी खुशीत होतो. मग पुढचं पान उलटलं.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांमधलं तेनेरिफ. विमानतळावर दाट धुकं. एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं. एकाने आपण उड्डाणाच्या बेतात आहोत असं काहीसं मोघम कळवलं. मनोऱ्यातून उत्तर गेलं, “ओके.” पाठोपाठ ‘थांबा’ असं सांगितलं गेलं, पण त्याच क्षणी दुसरं विमानही रेडिओवर बोललं आणि दोघांचे शब्द एकमेकांत अडकून नुसती शिट्टी ऐकू आली. त्या धुक्यात ५८३ माणसं मेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक पडला.

मी पुस्तक मिटलं. तीस वर्षांत मी किती ‘ओके’ लिहिले असतील? ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’, ‘प्रकरण विचाराधीन आहे’. त्यांच्यामुळे कोणी मेलं नाही, निदान मला कळवून तरी नाही.

घरी येऊन मी आमची दोन पानं फाडली. पोराला समोर बसवलं. “हे बघ, विशेषण एकही नको. तू काय केलंस ते सांग.”

“काहीच नाही काका. सुट्टीत धक्क्यावर लाँचच्या उतारूंची मोजणी करायचो.”

“मग?”

“एकदा तीन माणसं जास्त भरली. मी दोर सोडू दिला नाही. मालक ओरडत होता, उतारू शिव्या देत होते. तिघं उतरेपर्यंत दहा मिनिटं गेली. मग सोडली.”

“गाढवा, हे का नाही लिहिलंस?”

“यात काय लिहायचं?”

हेच लिहायचं! सगळे ओरडत असताना आकडा न विसरणारा आणि शांतपणे ‘थांबा’ म्हणणारा माणूसच तर त्यांना हवा आहे. शिक्षण, गुण, इंग्रजी, धक्क्यावरची दहा मिनिटं. बायोडाटा अर्ध्या पानात संपला. माझ्या हयातीतला सर्वांत छोटा अर्ज, आणि पहिला, ज्यातलं मधलं वाचण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं, की भारतीय विमानतळ प्राधिकरण बायोडाटा मागतच नाही. संगणकावर रकाने भरायचे, मग परीक्षा, मग कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी आणि आवाजाची चाचणी. लिओनार्दोलासुद्धा त्यांनी जन्मतारीख आणि टक्केवारीच विचारली असती. मी खट्टू झालो. पोरगा म्हणाला, “असू दे काका. आवाजाच्या चाचणीत असंच छोटं बोलेन.”

आम्ही रकाने भरायला बसलो. नाव झालं, जन्मतारीख झाली. ‘कायमचा पत्ता’ आला आणि त्याचा हात थांबला.

विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर... त्यांतल्याच एका गावातला हा. उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, त्याचं घरही गेलं. त्याचा आजा जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे जासईच्या आंदोलनात होता. गोळीबारात पाच जण पडले, त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क उभा राहिला. आता घर पुष्पकनगरात. विमानासाठी उठवलेल्या माणसांच्या वसाहतीला पुष्पक नाव देणारा कारकून माझ्याच जातकुळीतला असणार.

“काका, कायमचा म्हणजे नेमका कोणता?”

कुलाबा जिल्ह्यात जन्मून, १ जानेवारी १९८१ ला घर न बदलता रायगड जिल्ह्यात गेलेला मी. पत्त्यांची गंमत मला ठाऊक होती. पण माझं घर जागेवर आहे.

“नेमणूक देशात कुठेही होते,” तो म्हणाला. “पण कधी इथल्या मनोऱ्यात आलो, तर आमचं अंगण कुठे होतं ते वरून दाखवता येईल. फक्त तिथे उभं राहता येणार नाही.”

त्याने ‘पुष्पकनगर’ लिहिलं. मी सवयीने शेवटी ‘कळावे’ सुचवणार होतो. पण तिथे फक्त ‘सबमिट’ नावाचं बटण होतं. ते त्याने दाबलं.