पोस्टमास्तर एक, वेतनश्रेणी अनेक

टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांचा समावेश होतो. या परिमंडळात 'पोस्टमास्तर' हे पदनाम खेड्यातील शाखा कार्यालयापासून शहरातील मुख्य टपाल कार्यालयापर्यंत सर्वत्र आढळते. मात्र, त्यामागील वेतन आणि सेवाशर्ती यांत मोठी तफावत आहे. नोकरीच्या शोधात असलेल्या उमेदवारांनी ती समजून घेणे आवश्यक आहे.

खातेनिहाय वेतन

सातव्या वेतन आयोगाची रचना १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तीनुसार व्यवस्थापकीय पदांचे सुरुवातीचे मासिक मूळ वेतन असे :

- एलएसजी श्रेणीचे पोस्टमास्तर : २९,२०० रुपये
- एचएसजी-२ : ३५,४०० रुपये
- एचएसजी-१ आणि टपाल निरीक्षक : ४४,९०० रुपये
- सहायक अधीक्षक : ४७,६०० रुपये
- भारतीय टपाल सेवेतील नवा अधिकारी : ५६,१०० रुपये
- पोस्टमास्तर जनरल : १,४४,२०० रुपये

निरीक्षकांची थेट भरती कर्मचारी निवड आयोगामार्फत, तर भारतीय टपाल सेवेतील अधिकाऱ्यांची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून होते. एलएसजी आणि एचएसजी ही पदे मुख्यतः खात्यांतर्गत पदोन्नतीने मिळतात.

शहरानुसार फरक

मूळ वेतन आणि महागाई भत्त्याचा दर मुंबईत आणि गडचिरोलीत सारखाच असतो. बदलतो तो प्रामुख्याने घरभाडे भत्ता. जानेवारी २०२४ पासून मुंबई-पुण्यासाठी ३० टक्के, नागपूर-नाशिकसारख्या शहरांसाठी २० टक्के आणि लहान गावांसाठी १० टक्के असा हा दर आहे. ४४,९०० रुपये मूळ वेतनावर तो अनुक्रमे १३,४७०, ८,९८० आणि ४,४९० रुपये होतो. मुंबईतील घरभाडे लक्षात घेता, याच पदाचा पगार लहान गावात अधिक पुरतो.

खेड्यातील पोस्टमास्तर

शाखा पोस्टमास्तर हा ग्रामीण डाक सेवक असतो. खात्याचा नियमित कर्मचारी नव्हे. १ जुलै २०१८ पासून चार तासांच्या कामासाठी त्याला किमान १२,०००, तर पाच तासांसाठी १४,५०० रुपये मासिक मोबदला ठरला. त्यावर महागाई भत्ता मिळतो. घरभाडे भत्ता आणि नियमित निवृत्तिवेतन मात्र मिळत नाही. शिवाय कार्यालयासाठी जागेची व्यवस्था त्यालाच करावी लागते. बचत खाती, मनिऑर्डर आणि २०१८ पासून सुरू झालेली पेमेंट्स बँक यांचे व्यवहारही त्याच्याच हातून होतात.

या पदासाठी दहावीच्या गुणांवर निवड होते आणि स्थानिक भाषेचे ज्ञान अनिवार्य असते. खात्यांतर्गत परीक्षा देऊन पोस्टमन आणि त्यापुढील नियमित पदांवर जाता येते.

वेतनरचनेच्या फेरविचारासाठी केंद्राने २०२५ मध्ये आठवा वेतन आयोग नेमला. तथापि, अर्ज करताना पदनामापेक्षा ते पद नियमित सेवेतील आहे की डाक सेवकाचे, हे प्रथम पाहणे हिताचे ठरेल.