फुसका बार आणि दुप्पट बार

मराठीतील काही शब्दप्रयोग बंदुकीच्या सान्निध्यात वाढले, याची जाणीव आज बोलणाऱ्याला क्वचितच असते. एखाद्या ग्रंथात माहिती ठासून भरली आहे असे आपण म्हणतो, तेव्हा गजाने दारू ठासणारा शिपाई आपल्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. सभेतील एखादे भाषण रंगले नाही की तो 'फुसका बार' ठरतो. या प्रयोगात उपहास आहे, भीती मात्र नाही. फुसका बार म्हणजे निरुपद्रवी बार, असे भाषा गृहीत धरून चालते.

बंदूक भरण्याच्या विद्येचा इतिहास मात्र याच्या अगदी उलट साक्ष देतो. उडालेला बार एकदा संपला. न उडालेला, किंवा अर्धवट उडालेला, बार नळीत दबा धरून बसतो, आणि पुढचा बार भरणाऱ्याच्या जिवावर उठतो. दारूगोळ्याच्या हाताळणीत नवशिक्यांचे जे अपघात होत आले, त्यांपैकी पुष्कळांच्या मुळाशी 'झाले' आणि 'झाले असावे' या दोहोंतील हा सूक्ष्म भेद आहे. प्रस्तुत लेखात त्या भेदाचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

ठासणीच्या बंदुकीची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. तिची नळी मागील बाजूस बंद असते. दारू, गोळी आणि कागद वा चिंधी ही सारी तोंडाकडून आत जावयाची आणि गजाने तळाशी बसवावयाची. तोडेदार बंदुकीत जळत्या काकड्याने, चकमकीच्या बंदुकीत ठिणगीने आणि एकोणिसाव्या शतकात प्रचारात आलेल्या टोपीच्या बंदुकीत टोपीच्या स्फोटाने बाहेरील ज्वाळा बारीक छिद्रावाटे आतल्या दारूपर्यंत पोचते. ते छिद्र काजळीने बुजले, टोपी सादळली किंवा दारूला ओल आली, की बाहेर ठिणगी दिसते, क्वचित लहानसा आवाजही होतो, आणि आतला बार तसाच राहतो. नळीत काय आहे हे डोळ्यांना दिसण्याची सोय या बंदुकीत नाही. भरणाऱ्याच्या स्मरणावर सारी भिस्त.

उडाला असे वाटलेला बार किती घातक ठरतो, याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजांनी वसईच्या तटाखाली सुरुंग भरले होते. सान सेबास्तियन बुरुजाच्या बाजूचे काही सुरुंग उडाले, तट खचला, आणि खिंडार पडलेले पाहून मराठे वीर पुढे धावले. पण भरलेले सारेच सुरुंग एकदम पेटले नव्हते. मागाहून पेटलेल्या सुरुंगांनी त्या धावणाऱ्या लोकांचाच घात केला. वसई पडली, विजयाचे वर्णन आपण अभिमानाने वाचतो. परंतु त्या वर्णनातील हा प्रसंग दारूच्या स्वभावाविषयी जे सांगतो, त्याकडे वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. ते मराठे शूर होते यात शंका नाही; तटाखाली अद्याप काय शिल्लक आहे, हे जाणण्याचे साधन मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

हीच गोष्ट एकेका शिपायाच्या हातात कशी घडते, याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतील यादवी युद्धाने मागे ठेवला आहे. 1863 च्या जुलै महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे घनघोर लढाई झाली. लढाईनंतर रणांगणावर पडलेल्या बंदुका गोळा करून वॉशिंग्टनच्या शस्त्रागारात पाठविण्यात आल्या. त्यांची संख्या 27,574 भरली. तपासणीत असे आढळले की, त्यांपैकी निदान 24,000 बंदुका भरलेल्या होत्या. या भरलेल्या बंदुकांपैकी सुमारे निम्म्यांत एकावर एक असे दोन बार होते. सुमारे चतुर्थांश बंदुकांत तीनपासून दहापर्यंत बार होते. उरलेल्यांतच काय तो योग्य असा एकच बार होता. काहींत दारूच्या आधी गोळी उतरवली होती, काहींत काडतुसाचा कागद न फाडताच ते तसेच ठासले होते. एका बंदुकीत तर एकावर एक असे 23 बार निघाले.

या आकड्यांचा अर्थ लावताना विद्वानांत मतभेद आहेत. एकच बार भरलेली बंदूक काहीच सिद्ध करीत नाही. ती भरून उभा असलेला शिपाई झाडण्यापूर्वीच पडला असेल. अनेक शिपायांना माणसावर गोळी झाडण्याचा धीर झाला नाही आणि ते केवळ भरण्याचा देखावा करीत राहिले, असेही काहींनी सुचविले आहे. त्यात तथ्य असेल. परंतु गोळी आधी आणि दारू मागून, किंवा कागद न फाडता ठासलेले काडतूस, यांचा उलगडा त्याने होत नाही. तेथे गोंधळ हेच कारण मानावे लागते. एकाच वेळी शेकडो बंदुकांची फैर झडते. धुराने चार हातांवरचे दिसत नाही. कानठळ्या बसलेल्या असतात. अशा वेळी आपल्या बंदुकीची टोपी वाजली, पण बार उडाला नाही, हे शिपायाला कळावे कसे? शेजाऱ्याचा आवाज त्याला आपला वाटतो. तो पुन्हा काडतूस काढतो, फाडतो, ठासतो. आणि एकदा दोन बार आत गेले की तिसऱ्याला अडवणारे काही उरत नाही.

येथे शिक्षकाने थांबून विचार करावा असे काही आहे. हे सारेच शिपाई अशिक्षित नव्हते. बंदूक भरण्याची कवाईत त्या काळी नऊ हुकुमांत विभागून शिकवली जाई, आणि मिनिटास तीन बार ही चांगल्या शिपायाची कसोटी मानली जाई. भरण्याची प्रत्येक हालचाल हातांच्या अंगवळणी पडावी यासाठी ती असंख्य वेळा करून घेतली जाई. ती अंगवळणी पडलीही. 23 बार ठासणाऱ्या त्या अज्ञात हाताने भरण्याची क्रिया वारंवार केली होती. फक्त त्या क्रियेचे फळ पाहणारे मन जागेवर नव्हते. कवायतीने हात घडवला होता, आणि संकटाच्या क्षणी तो हात मनाला मागे टाकून एकटाच पुढे गेला.

वस्तुतः चूक ओळखण्याचे साधन प्रत्येकाच्या हातात होते. रिकाम्या नळीत गज सोडला तर तो तळाशी आपटून खणखणीत वाजतो. तपासणीच्या वेळी अधिकारी हाच नाद ऐकत. बार भरलेला असेल तर नाद बद्द येतो. शिवाय एक बार भरल्यावर गज नळीबाहेर किती राहतो हे ठरलेले असते. तो त्याहून उंच राहिला तर आत आधीचा बार आहे, हे उघड होय. खर्च काही नाही, वेळ क्षणभराचा. परंतु भीतीच्या आणि घाईच्या वेळी माणूस प्रथम गाळतो ती हीच क्षणभराची खात्री.

या संकटावर पुढे यंत्रानेच तोड काढली. प्रशियाच्या सैन्याने 1841 मध्ये स्वीकारलेली ड्रायझेची सुईची बंदूक मागून भरली जाई, आणि 1866 च्या जुलैमध्ये सादोवाच्या लढाईत तिचा पराक्रम साऱ्या युरोपने पाहिला. मागून भरावयाच्या बंदुकीत जागा रिकामी आहे की नाही हे उघडताच दिसते. काडतूस आत असेल तर दुसरे शिरतच नाही. त्याच सुमारास धातूच्या पुंगळीत टोपी, दारू आणि गोळी एकत्र बसवलेले काडतूस प्रचारात आले. दारू मोजण्याचे काम शिपायाच्या हातून निघून कारखान्याकडे गेले. दुप्पट बाराचा इतिहास येथे संपावयास हवा होता.

तो संपला नाही, याला कारण काटकसर. पितळेची पुंगळी एकदा वापरून फेकून देण्याजोगी वस्तू नव्हे. वाजलेली टोपी काढून नवी बसवावी, दारू आणि गोळी घालावी, की काडतूस पुन्हा तयार होते. 1870 च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील रानरेड्यांचे शिकारी आपली काडतुसे तळावर बसून अशीच भरीत असत. पुढे हा उद्योग नेमबाजीच्या छंदाचा भाग झाला आणि तेथे आजही घरोघरी चालतो. जे काम यंत्राने माणसाच्या हातून काढून घेतले होते, ते माणसाने हौसेने आपल्या हाती परत घेतले. आणि त्याबरोबर जुना धोकाही परत आला.

किंबहुना तो अधिक गूढ होऊन आला. काळी दारू जागा फार व्यापते. जुन्या काडतुसाची पुंगळी तिने बहुतेक भरूनच जाई. त्यामुळे नवशिक्याने चुकून दोनदा दारू ओतली तर ती सांडून चूक आपोआप उघडी पडे. 1884 मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू सिद्ध केली. ती काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट प्रबळ असल्याने थोडकी पुरते. काळी दारू मापाने भरण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची होती. नवी दारू त्याच मापाने भरणे म्हणजे बंदुकीची नळी फोडण्याची तयारी करणे होय. ती तराजूत तोलूनच घ्यावी लागते, आणि प्रत्येक जातीच्या दारूचे प्रमाण वेगळे. त्यातच 38 स्पेशल या नावाने प्रसिद्ध असलेल्या पिस्तुली काडतुसासारख्या काही पुंगळ्या मूळच्या काळ्या दारूच्या बेताने लांब घडवलेल्या. त्यांत नव्या दारूची चिमूट तळाशी पडून राहते. दुसरी चिमूट पडली तरी वरून पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही. पूर्वी वस्तूच नवशिक्याची चूक बोलून दाखवीत असे. आता वस्तू मौन धरते.

दारू मुळीच न पडलेले काडतूस हेही तितकेच घातक. केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत थोडी पुढे सरकते आणि अडकून बसते. आवाज किरकोळ होतो, धक्का जवळजवळ लागत नाही. हाच खरा फुसका बार! नवखा नेमबाज त्याला हसतो आणि पुन्हा चाप ओढतो. मागून येणारी गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते, कोंडलेल्या वायूला वाट मिळत नाही, आणि नळी फुगते किंवा फुटते. गेटिसबर्गच्या शिपायाने जे धुरात केले, तेच हा गृहस्थ लख्ख उजेडात करतो. म्हणून आवाज हलका वाटताच थांबावे, बंदूक रिकामी करावी आणि नळी आरपार पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये, असा जाणत्यांचा दंडक आहे.

असे दंडक आणखीही आहेत. मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा, म्हणजे दोन जातींची सरमिसळ होत नाही. गोळी बसवण्यापूर्वी साऱ्या पुंगळ्या एका ओळीत ठेवून उजेडात त्यांच्या आतील दारूची पातळी पाहावी. प्रमाण छापील तक्त्यावरून घ्यावे. मित्राच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या आठवणीवरून तर नव्हेच. काम चालू असता गप्पा नकोत, विडी-सिगारेट नको. प्रथम ऐकणाऱ्याला हे नियम बाळबोध वाटतात. पण वाचकाने ते गेटिसबर्गच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत. ओळीत पुंगळ्या पाहण्याचा नियम म्हणजे गजाच्या उंचीचाच नियम होय. हलक्या आवाजाला थांबण्याचा नियम म्हणजे बद्द नादाकडे कान देण्याचाच नियम होय. साधन बदलले, खात्री करण्याचे कर्तव्य बदलले नाही.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून बंदुका वा दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. त्यामुळे काडतुसे भरण्याचा हा छंद येथे रुजला नाही. परंतु ठासणीची बंदूक आपल्या प्रदेशातून गेलेली नाही. कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्याने बाळगलेल्या अशा बंदुका आजही शेतकऱ्यांच्या घरी आहेत, आणि वडिलांची बंदूक मुलाच्या हाती येते तेव्हा ती भरण्याची रीतही पाहून-पाहूनच येते. पाहून रीत कळते. रीतीमागचे कारण कळत नाही. वडील गज टाकून क्षणभर का थांबत, हे मुलाने विचारले नसेल आणि वडिलांनी सांगितले नसेल, तर तो क्षण पुढच्या पिढीत गळून जाणारच. निरुपयोगी दिसणारी गोष्ट आधी गळते, हा सर्व परंपरांचा अनुभव आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने या इतिहासाचे मोल मला येथे वाटते. नियम पाठ करून घेणे ही कवाईत झाली. ती हवीच, कारण तिच्यावाचून हात घडत नाही. पण नियम कोणत्या आघातातून जन्मला हे विद्यार्थ्यास सांगितले नाही, तर तो नियम त्याला वडीलधाऱ्यांचा हट्ट वाटतो, आणि पहिल्या घाईत तो सोडून देतो. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, गावच्या फटाक्यांत, विजेच्या तारेजवळ, सर्वत्र हेच आहे. संपूर्ण अज्ञानी मनुष्य भीतीने तरी दूर राहतो. संकट ओढवते ते रीत अवगत झालेल्या आणि कारण अवगत न झालेल्या नवशिक्यावर.

गेटिसबर्गच्या त्या बंदुकीत 23 बार ठासणारा कोण होता, हे इतिहासाला ठाऊक नाही. त्याने एकदाही गजाच्या उंचीकडे पाहिले असते, तर दुसऱ्याच बाराला त्याचा हात थांबला असता. पाहावयाचे असते हे त्याला शिकवले असेलही. का पाहावयाचे, हे शिकवले होते की नाही, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो प्रश्न शिपायाला विचारावयाचा नसून, त्याला शिकवणाऱ्याला विचारावयाचा आहे.